फाशीच्या अपिलातील चौकशी : माणूस पुरता जाणून घेण्याचे काम



कामशेतजवळच्या आमच्या लहानशा विहारात दर पौर्णिमेला वंदनेनंतर तासभर अभ्यासवर्ग चालतो. मागील एका वर्गात एक तरुण उपासक उठून म्हणाला, "बाई, ज्याने खून केला, कोर्टाने ज्याला फाशी दिली, अशा माणसाच्या घरीदारी जाऊन त्याचे लहानपण विचारीत फिरणारे लोक आहेत म्हणतात. खुन्याचे लहानपण कशाला पाहिजे? मेलेल्याचे लहानपण कोणी विचारले काय?"

प्रश्न रागाने विचारलेला असला तरी प्रामाणिक होता, आणि त्या दिवशी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. म्हणून तो विषय अभ्यासून हा पाठ लिहिला आहे. धम्म स्वीकारून ज्या कुटुंबांना थोडीच वर्षे झाली आहेत त्यांनी तो घरात मोठ्याने वाचावा. पटणार नाही तेथे थांबून वाद घालावा. बुद्धांनी विचार न करता काही मान्य करा असे कधीच सांगितले नाही.

१. हा प्रश्न आपल्या दारातला आहे

मावळातील माणसाला फाशीचा विषय दूरचा नाही. १ नोव्हेंबर २००७ रोजी रात्रपाळीच्या कामाला निघालेल्या एका तरुण मुलीवर अत्याचार करून तिला ठार मारण्यात आले. तिचा मृतदेह आपल्या तालुक्यातील गहुंजे गावाच्या शिवारात सापडला. ज्या गाडीने तिला सुखरूप कामावर पोहोचवावयाचे, त्याच गाडीचा चालक आणि त्याचा साथीदार यांना २०१२ साली पुण्याच्या न्यायालयाने फाशी सुनावली. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये पवन मावळातील कोथुर्णे गावात सात वर्षांच्या मुलीचा तसाच अंत झाला आणि मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने आरोपीला फाशीची शिक्षा दिली. अशा मुलींची नावे छापू नयेत असा कायदा आहे. ती आपणही उच्चारू नयेत.

या दोन घटनांनी आपल्या आयाबायांची झोप उडविली. त्या वेळी ज्याच्या मनात क्रोध आला नाही असा माणूस तालुक्यात क्वचितच असेल. माझ्याही मनात आला. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते त्या मुलींचे दुःख विसरून लिहिलेले नाही, हे आधीच सांगून ठेवते.

२. फाशीची शिक्षा कोणकोणत्या पायऱ्यांनी जाते

सत्र न्यायालयाने फाशी सुनावली म्हणजे काम संपले, असा आपल्या लोकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात येऊ शकत नाही. तेथे निदान दोन न्यायमूर्ती सारा पुरावा पुन्हा तपासतात. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अपील होते. तेही फेटाळले गेले तर पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो, आणि फाशीच्या प्रकरणात तो अर्ज उघड्या न्यायालयात तीन न्यायमूर्तींपुढे ऐकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले. शेवटी राज्यपालांकडे व राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज असतो. संविधानाच्या १६१ व ७२ या अनुच्छेदांत त्याची तरतूद आहे.

इतक्या पायऱ्या कशासाठी? कारण इतर शिक्षेत चूक झाली तर माणूस सोडून देता येतो. फाशीत चूक झाली तर ती दुरुस्त करण्यास माणूसच उरत नाही.

दुसरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खटल्यात प्रश्न दोन असतात. याने गुन्हा केला काय, हा पहिला. केला असल्यास शिक्षा कोणती द्यावी, हा दुसरा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने शिक्षेविषयी आरोपीचे वेगळे ऐकून घेतलेच पाहिजे असा नियम केला आणि आजच्या नव्या संहितेतही तो आहे. १९८० साली बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फाशी ही विरळातील विरळ प्रकरणातच द्यावी आणि ती देण्यापूर्वी गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहावा. त्याचे वय, त्याच्या मनाची अवस्था, तो कोणाच्या दडपणाखाली होता काय, तो सुधारण्याची शक्यता आहे काय, हे सारे पाहावे.

आता विचार करा. न्यायाधीशांनी हे पाहावयाचे कसे? आरोपी पिंजऱ्यात खाली मान घालून उभा असतो. त्याचा वकील पुष्कळदा सरकारी मदतीचा, कामाने वाकलेला. निकालाच्या दिवशी तो एवढेच म्हणतो की आरोपी गरीब आहे, वृद्ध आईबाप आहेत, दया करावी. दोन ओळींत माणूस संपतो. या दोन ओळींच्या जागी त्याचे पुरते आयुष्य न्यायालयापुढे ठेवणे, हेच या चौकशी कार्यकर्त्याचे काम. वकील मंडळी त्याला मिटिगेशन म्हणतात. शिक्षा सौम्य करण्यास आधार देणारी परिस्थिती शोधणे, असा त्याचा साधा अर्थ आहे.

३. चौकशी करणारा काय करतो

हा पोलीस नव्हे, आणि साक्षीदार फोडणारा तर नव्हेच. तो बहुधा समाजकार्य, मानसशास्त्र किंवा कायदा शिकलेला असतो. तो प्रथम तुरुंगात जाऊन कैद्याला भेटतो आणि त्याच्या संमतीने कामाला लागतो. मग त्याच्या गावी जातो. आई, बाप, भावंडे, आत्या, मावशी, शेजारी, गुरुजी, मुकादम, दवाखान्यातील माणसे, अशा सर्वांना भेटतो. आजोबांच्या पिढीपासूनची हकिकत लिहून घेतो. जमीन होती काय, असल्यास कशी गेली? घर कोठून कोठे फिरत राहिले? घरात दारू होती काय? मुलाला मार बसत होता काय? डोक्याला कधी इजा झाली होती काय? शाळा कोणत्या वर्षी आणि कोणत्या कारणाने सुटली?

तो तोंडी हकिकतीवर थांबत नाही. शाळेचे जनरल रजिस्टर, दवाखान्याचे कागद, रेशनकार्ड, सातबारा, तुरुंगातील वर्तनाचा अहवाल, जे जे मिळेल ते गोळा करतो. एका फेरीत हे होत नाही. पहिल्या भेटीत घरचे लोक भीतीने बोलत नाहीत, दुसऱ्या भेटीत लाजेने. आपला बाप आपल्याला उलटा टांगून मारीत होता, हे कोणती बहीण परक्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगेल? तिसऱ्या-चौथ्या भेटीत, चहाचा कप खाली ठेवताना, ते एखाद्या वाक्यात बाहेर पडते.

मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे काम प्रत्येक फाशीच्या प्रकरणात आवश्यक मानले. आरोपीची कौटुंबिक व सामाजिक पार्श्वभूमी, त्याच्या मनाची तपासणी आणि तुरुंगातील वागणूक यांची माहिती खटल्याच्या वेळीच न्यायालयापुढे यावी, असे निर्देश दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका जुन्या प्रकरणात तर अपील आणि पुनर्विलोकन होऊन गेल्यावरही, ही काळजी घेतली गेली नव्हती म्हणून शिक्षेचा प्रश्न पुन्हा ऐकण्याचे त्याच न्यायालयाने ठरविले.

फाशीच्या कोठडीत कोण असतात हेही पाहू. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील अभ्यासकांनी देशभरातील फाशीच्या कैद्यांना भेटून २०१६ साली अहवाल प्रसिद्ध केला. हाच गट पुढे प्रोजेक्ट ३९ए या नावाने ओळखला गेला. त्या अहवालाप्रमाणे ७४.१ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ होते आणि २४.५ टक्के अनुसूचित जाती-जमातींतील होते. या आकड्यांवरून गरीब माणूस अधिक दुष्ट असतो असे कोणी म्हणू नये. ज्याच्याजवळ चांगला वकील, कागद आणि बोलणारा माणूस नाही, तो दोरापर्यंत लवकर पोहोचतो, असा मी त्याचा अर्थ लावते.

४. शाळेच्या एका नोंदीने वाचलेला प्राण

पुण्यातच घडलेले एक प्रकरण पाहा. ऑगस्ट १९९४ मध्ये एका घरातील पाच स्त्रिया व दोन मुले यांचा खून झाला. स्त्रियांपैकी एक गरोदर होती. गुन्हा इतका भयंकर की पुणेकरांना तो आजही आठवतो. त्यातील एका आरोपीला १९९८ साली फाशी झाली. उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही २००० साली कायम केली. पोलिसांच्या कागदांत त्याचे वय विशीच्या पुढचे लिहिलेले होते. कोणी शंका घेतली नाही.

हा आरोपी मूळ राजस्थानातील बिकानेर जिल्ह्याचा. पुष्कळ वर्षांनी त्याच्या वतीने त्याच्या गावच्या शाळेतील नोंद पुढे आणली गेली. तेथे त्याचे खरे नाव वेगळे होते आणि जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ अशी होती. म्हणजे गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. ज्या वयात आपली मुले सातवीत बसतात, त्या वयाचे पोर! सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून त्याची चौकशी करविली, पुरावा तपासला, आणि २७ मार्च २०२३ रोजी तो गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असे मान्य करून त्याला मुक्त केले. तोपर्यंत त्याची २८ वर्षे तुरुंगात गेली होती. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण अल्पवयीन म्हणून ठरलेल्या माणसाचे नाव छापू नये असाही कायदा आहे.

दुसरे प्रकरण सहा मजुरांचे आहे. हे सर्व महाराष्ट्रातील भटक्या जमातींतील होते. २००३ च्या जून महिन्यातील एका भीषण गुन्ह्यात त्यांना धरले गेले. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सहाही जणांना फाशी दिली. पुढे मार्च २०१९ मध्ये, पुनर्विलोकनात, त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. घटनेनंतर लगेच, डोळ्यांनी पाहणाऱ्या साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चार माणसांना ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षांच्या कैदेबद्दल प्रत्येकी ५ लाख रुपये द्यावेत असा आदेश न्यायालयाने सरकारला दिला. अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हा निकाल प्रसिद्ध आहे.

आता सांगा, मधल्या दहा वर्षांत एखाद्या सकाळी दोर ओढला गेला असता, तर ते ५ लाख कोणाच्या हातात दिले असते?

५. माझ्या हातची एक नोंद

येथे एक गोष्ट स्वतःची सांगते. ती सांगण्यास मला संकोच वाटतो, म्हणूनच सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आषाढात, भातलावणीच्या दिवसांत, अशीच चौकशी करणाऱ्या एक ताई आमच्या शाळेत आल्या. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली वही. माझा एक जुना विद्यार्थी दुसऱ्या जिल्ह्यातील खुनाच्या खटल्यात दोषी ठरून फाशीच्या कोठडीत होता. त्याचे नाव ऐकताच मी म्हणाले, "तो पहिल्यापासूनच उनाड होता हो. शाळेत टिकलाच नाही."

ताईंनी ते लिहून घेतले नाही. त्यांनी अर्ज पुढे केला आणि हजेरीपट पाहावयास मागितला. मुख्याध्यापकांच्या परवानगीने जुने कपाट उघडले. त्या वर्षीचा सातवीचा हजेरीपट वाळवीने कडेला खाल्लेला होता, पण अक्षरे शाबूत होती. जून महिना जवळजवळ पूर्ण हजर. जुलैत नऊ दिवस. ऑगस्टात चार. पुढे नाव तसेच चालत राहिलेले आणि सारे रकाने गैरहजर. शेवटी शेरा होता : "पालकांस समज दिली." अक्षर माझे होते.

मी पालकांस समज दिली नव्हती. एक चिठ्ठी लिहून त्या मुलाच्याच हातात दिली होती. त्याचा बाप दगडाच्या खाणीवर काम करणारा, निरक्षर. त्याचे घर शाळेपासून चार किलोमीटरवर होते, आणि मी एकदाही तेथे गेले नव्हते. ताईंनी मला सांगितले की त्या जुलैत त्याची आई गेली. ही गोष्ट त्यांना त्याच्या आत्याकडून चौथ्या भेटीत कळली होती. आई गेल्यावर बाप दारूला लागला आणि बारा वर्षांचा पोरगा लोणावळ्याच्या बाजूला हमरस्त्यावरील हॉटेलात भांडी घासण्यास राहिला. रात्री तेथेच झोपत होता. तेथे त्याच्याशी मोठी माणसे काय काय वागली, ते येथे लिहिण्यासारखे नाही.

माझे आईवडील दोघेही निरक्षर. घरातील मी पहिली पदवीधर. नववीत असताना माझी शाळा सुटण्याची वेळ आली होती. तेव्हा आमचे गुरुजी तीन वेळा आमच्या दारात आले, ओट्यावर बसले आणि वडिलांकडून कबूल करून घेऊनच उठले. मी आज शिक्षिका आहे ती त्या तीन फेऱ्यांमुळे. त्या मुलाच्या दारात कोणी गेले नाही. जावयाचे होते ते मी.

ताईंनी एवढेच विचारले, "हे आपण लिहून द्याल काय?" मी दोन दिवस मागितले. शाळेत कुजबुज झाली. गावातील एक गृहस्थ म्हणाले, "बाई खुन्याला सोडवायला निघाल्या." शेवटी मी एक पान लिहून दिले. त्यात मुलाची स्तुती नाही आणि त्याने गुन्हा केला नाही असेही नाही. हजेरीपटात काय आहे, शेरा कोणी लिहिला आणि तो खरा नाही, एवढेच आहे. अपील अद्याप न्यायालयापुढे आहे, म्हणून याहून अधिक लिहीत नाही.

६. बाबासाहेब काय म्हणाले, धम्म काय सांगतो

फाशीच्या अपिलाचा प्रश्न संविधान सभेतही आला होता. ३ जून १९४९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलांवर चर्चा चालली होती. फाशीच्या प्रत्येक शिक्षेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा असा आग्रह काही सभासदांनी धरला. त्या वेळी बाबासाहेबांनी आपले मत स्पष्ट केले. अपिलाची तरतूद वाढविण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत आहे, असे ते म्हणाले. हा देश अहिंसेला नैतिक आदेश मानीत आला आहे, आचरणात कमी पडला तरी मानीत आला आहे, तेव्हा या देशाला तेच शोभते, असा त्यांचा युक्तिवाद होता. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा सात वर्षे अवकाश होता. तथापि विचार धम्माचाच होता.

अंगुलिमालाची कथा आपण मुलांना सांगतो. तो दरोडेखोर होता, त्याने गावेच्या गावे ओस पाडली, हे सूत्रात स्वच्छ लिहिले आहे. त्याचे गुन्हे कोणी झाकलेले नाहीत. पण जुन्या अट्ठकथेने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. या माणसाचे मूळ नाव अहिंसक. तक्षशिलेला शिकणारा हुशार मुलगा. सोबत्यांनी मत्सराने गुरूचे कान भरले आणि गुरूने त्याचा नाश व्हावा म्हणून हजार बोटांची दक्षिणा मागितली. अंगुलिमालाच्या मागे एक अहिंसक होता, हे आपल्याला कळते, कारण कोणीतरी विचारले की हा माणूस असा कसा झाला? आज चौकशी करणारा हेच विचारतो.

आणि पुढचाही भाग विसरू नये. भिक्षू झाल्यावर अंगुलिमाल भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले. डोके फुटून रक्ताने माखलेला तो परत आला. तथागतांनी त्याला ते सहन करण्यास सांगितले. करुणा दाखविली म्हणजे जबाबदारी संपली, असे नाही.

प्रतीत्यसमुत्पादाचा पाठ आपण घेतला आहे. हे असले म्हणजे ते होते, हे नसले म्हणजे ते होत नाही. हा नियम पावसाला व पिकाला लागू आहे आणि गुन्ह्यालाही लागू आहे. जो म्हणतो की काही माणसे जन्मतःच दुष्ट असतात, त्याने सावध असावे. जन्मावरून माणूस ठरविण्याच्या याच विचाराने आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले होते.

७. मग खैरलांजीचे काय?

वर्गात दुसरा प्रश्न एका वृद्ध उपासिकेने विचारला. "बाई, खैरलांजीच्या खुन्यांनाही असेच म्हणावयाचे काय?"

या प्रश्नापुढे मी बराच वेळ गप्प होते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. ते आपले लोक होते. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली. पण आपली खरी तक्रार कोणती होती ते आठवा. दोन्ही न्यायालयांनी त्या गुन्ह्याला अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही, जातीचा हात मान्य केला नाही. आपल्याला सत्य मान्य व्हावयास हवे होते. सहा दोरांनी ते सत्य मान्य झाले असते काय?

म्हणून माझे उत्तर असे आहे. पीडितांचा तपास नीट व्हावा, गुन्ह्याचे खरे कारण निकालात लिहिले जावे, त्यांच्या घरच्यांना संरक्षण व आधार मिळावा, गुन्हेगाराने शिक्षा भोगावी, हे सारे आपण ठणकावून मागावे. पण नियम आपल्या माणसाला एक आणि दुसऱ्याच्या माणसाला दुसरा, असे म्हणू नये. शिवाय शिक्षा सौम्य होणे म्हणजे सुटका नव्हे. गहुंजे प्रकरणातील दोघांचे दयेचे अर्ज निकालात काढण्यात व पुढे फाशीचे वॉरंट काढण्यात अकारण विलंब झाला, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये त्यांची फाशी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ते कायम केले. पण त्यांना ३५ वर्षांची कैद आहे.

त्या उपासिकेला हे पूर्ण पटले असे मी म्हणत नाही. त्या म्हणाल्या, "डोक्याला पटते, पोटाला पटत नाही." त्यांचे हे बोलणेही मी वर्गाच्या वहीत लिहून ठेवले आहे.

८. आपण घरी काय करावे

पहिली गोष्ट, मुलांचे कागद सांभाळा. पूर्वी जन्माची नोंद नसली की गुरुजी सरसकट १ जून ही तारीख लिहीत. आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांचा वाढदिवस म्हणूनच १ जूनला येतो. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे वय ठरविताना प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहतात, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी होते. म्हणून जन्माची नोंद वेळेवर व खरी करा. शाळेत नाव घालताना घरातले हाक मारण्याचे नाव एक आणि कागदावरचे दुसरे, असे करू नका.

दुसरी गोष्ट, मोफत वकिलाचा हक्क जाणून घ्या. १९७६ साली संविधानात ३९-अ हा अनुच्छेद आला आणि १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला. अनुसूचित जाती-जमातीची माणसे, स्त्रिया, मुले आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. अटक झाल्यावर पहिल्या दिवसापासून वकील मागावा.

तिसरी गोष्ट, असा चौकशी करणारा आपल्या दारात आला तर त्याची ओळख विचारा, कागद पाहा, आणि मग खरे तेच सांगा. वाढवून सांगू नका, लाजेने लपवूही नका. खोटे बोलण्यापासून विरत राहण्याचे शील आपण घेतले आहे. ते शील येथे एखाद्याचा प्राण तोलून धरीत असते.

चौथी गोष्ट, शिकणाऱ्या मुलामुलींना हे काम सुचवा. आपल्या वस्तीतील मुलीला आत्याची लाज कळते, मुकादमाची भाषा कळते, खाणीवरचा दिवस कळतो. परक्या माणसाला जे चार भेटींत कळते ते तिला दोन भेटींत कळेल.

पाचवी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत आधी करण्याची. शेजारचे पोर शाळेत दिसेनासे झाले तर त्याच्या दारात जाऊन विचारा. मी आता जाते. पावसात कार्ल्यापलीकडच्या वाटा निसरड्या होतात, तरी जाते. हजेरीपटात शेरा लिहिण्यापूर्वी जाते.

भवतु सब्ब मंगलं.

अभ्यासासाठी प्रश्न

१. खटल्यातील दोन वेगळे प्रश्न कोणते? दुसऱ्या प्रश्नासाठी कोणती माहिती लागते?
२. पुण्याच्या १९९४ च्या प्रकरणात शाळेच्या नोंदीने काय सिद्ध झाले? आपल्या घरातील मुलांच्या नोंदी एकमेकींशी जुळतात काय, ते पाहा.
३. अंगुलिमालाच्या कथेत कारण आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी कशा आल्या आहेत?
४. "डोक्याला पटते, पोटाला पटत नाही," असे म्हणणाऱ्या उपासिकेला आपण काय सांगाल? घरात चर्चा करून चार ओळी लिहून आणा.